रॉकी खरंच घाबरला होता का? ('एंजल्स विथ डर्टी फेसेस'वरच्या शेऱ्याला उत्तर)

मुलुंडचा_केदार

काल 'सडेतोड' यांनी लिहिलं की १९३८चा 'एंजल्स विथ डर्टी फेसेस' हा "अर्धा तमाशा आणि अर्धं कीर्तन" आहे. पोरांच्या टपल्या आणि ढकलाढकली कापून टाकली तर बरा गुन्हेगारीपट उरेल आणि शेवट म्हणजे सेन्सॉरला खूश करायला पादऱ्याकडून करवून घेतलेली लबाडी, असंही ते म्हणतात. मायकेल कर्टिझचा अख्खा सिनेमा तीन ओळींत निकालात काढला! रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विनोदाबद्दल. तुरुंगातून सुटून रॉकी हा गुंड जुन्या वस्तीत येतो आणि तिथली पोरं त्याचंच पाकीट मारतात. तो त्यांच्या मागावर तळघरातल्या अड्ड्यावर पोचतो. तो अड्डा त्याच्याच लहानपणचा असतो, भिंतीवर त्याने कोरलेली अक्षरं अजून तशीच असतात. तिथून पुढे पोरं त्याची होतात. मग तो बास्केटबॉलचा सामना. रॉकीचा बालमित्र, आता पादरी झालेला फादर जेरी, पोरांना खेळायला आणतो, पण नियम पाळेल तर शपथ. रॉकी पंच होतो. जो पाय घालून पाडतो त्याला तो पाय घालून पाडतो, जो ढकलतो त्याला एक ठेवून देतो. बघता बघता सामना रुळावर येतो. आपण पोट धरून हसतो आणि हसता हसता एक गोष्ट आपल्या गळी उतरलेली असते: फादरला जी पोरं आवरत नाहीत ती या माणसाच्या एका टपलीत सरळ होतात.

हे कापलं तर शेवटी मृत्युदंड झालेल्या रॉकीच्या कोठडीत फादर नेमकं काय मागायला जातो, सांगा. "तू विजेच्या खुर्चीकडे रडत, भीक मागत जा, म्हणजे ही पोरं तुझा तिरस्कार करतील," असं तो मागतो. पोरांचं रॉकीवरचं प्रेम आपण हसत हसत पाहिलेलं असतं, म्हणून ते मागणं काळजाला घरं पाडतं. विनोद काढला तर उरेल नुसती सरकारी सूचना.

आता शेवटाबद्दल. रॉकी कोठडीत साफ नकार देतो आणि मग ऐनवेळी ओरडतो, गयावया करतो. आपल्याला दिसतात भिंतीवरच्या सावल्या आणि रेडिएटरची नळी घट्ट धरलेले हात. तो चेहरा दाखवत नाहीत. नाटक होतं की खरी भीती, हे रॉकीचं काम करणाऱ्या जेम्स कॅग्नीने मुद्दाम मोघम ठेवलं, आणि त्याने तसं आत्मचरित्रात लिहिलंही आहे. यात लबाडी कुठे आली?

सडेतोड

केदारराव, झोप उडवल्याबद्दल माफी. मत मात्र मागे घेत नाही.

ती सहा पोरं सिनेमात का आहेत? कारण ती तेव्हा चालत होती. १९३५मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'डेड एंड' हे नाटक गाजलं, १९३७मध्ये त्याचा सिनेमा झाला, मग त्यात काम केलेली ही पोरं हा सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सकडे आली. हातात चलनी नाणं आहे म्हटल्यावर त्यांना जागा करून दिली. तुम्ही त्यात नंतर तत्त्वज्ञान शोधताय.

आणि शेवट. १९३४पासून हॉलिवूडच्या सेन्सॉरचे प्रमुख जोसेफ ब्रीन यांचं कार्यालय प्रत्येक पटकथा तपासत होतं. गुन्हेगार हिरो ठरता कामा नये, हा नियम होता. १९३१च्या 'द पब्लिक एनिमी'त याच कॅग्नीचं पट्ट्या गुंडाळलेलं प्रेत दारातून घरात कोसळतं, तिथे कुणी प्रवचन द्यायला येत नाही. सात वर्षांनी त्याच माणसाला पादऱ्याची परवानगी घेऊन मरावं लागतं.

मला खरा राग कशाचा आहे तेही सांगतो. रॉकी खून करतो कशासाठी? त्याचेच धंद्यातले भागीदार फ्रेझर आणि कीफर जेरीला मारायचा बेत करतात म्हणून. म्हणजे ज्याच्या जिवासाठी हा खुर्चीवर बसणार, तोच येऊन म्हणतो की आता नावही टाकून जा. त्या माणसाकडे दुसरं काय उरलं होतं? मला तो फादर क्रूर वाटतो आणि सिनेमा त्याला संत ठरवतो. पार्श्वसंगीतात देवदूत गायला लागतात. मला ते असह्य होतं.

विद्युल्लता

तुम्ही दोघं फादर आणि रॉकीवर भांडताय, लॉरीचं नावही कुणी घेतलं नाही. ॲन शेरिडन आहे ती. तुम्हाला विनोद हवा ना? लहानपणी रॉकीने तिची टोपी डोळ्यांवर ओढलेली असते. पंधरा वर्षांनी तो भाड्याने खोली मागायला येतो, तेव्हा ती त्याची टोपी तशीच ओढून हिशेब चुकता करते. काय प्रवेश आहे! पुढे काय होतं? ती त्याच्या प्रेमात पडते, काळजी करते आणि अर्ध्यानंतर सिनेमा तिला विसरून जातो. जेरीपुढे उभी राहून ती रॉकीची बाजू मांडते, तिने आणि रॉकीने लहानपणी काय भोगलं ते सांगते, तो एकच प्रसंग तिला मिळतो. त्या दोन मिनिटांत ती फादरपेक्षा शहाणी वाटते. शेवटच्या रात्री ती कुठे आहे? कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

दुसरं, तुमच्यातले निम्मे लोक मराठी-हिंदी उपशीर्षकं लावून सिनेमे बघतात. मी पाहिलेल्या प्रतीत 'यलो'चं भाषांतर 'पिवळा' केलेलं होतं. फादर कोठडीत जाऊन म्हणतो, "माझ्यासाठी पिवळा हो." माझी आई शेजारी बसलेली, तिने विचारलं, कावीळ झालीय का त्याला? भेकड, भित्रा, नामर्द, डरपोक, इतके शब्द असताना सिनेमाचा कणाच ज्या शब्दावर उभा आहे तो यंत्राकडून करून घ्यायचा. गेली चार वर्षं मी हे प्रत्येक सिनेमाखाली लिहिते आहे आणि लिहीत राहणार.

न्यूजर्सीकर

सेन्सॉरचा मुद्दा बरोबर आहे, पण त्याने सगळं उलगडत नाही. कॅग्नी हा सिनेमा हवेतून करत नव्हता. तो न्यूयॉर्कच्या यॉर्कव्हिल भागात वाढला. बेसबॉल खेळायचा आणि त्याचा संघ सिंग सिंग तुरुंगातल्या कैद्यांशी सामना खेळायला गेला होता. तिथे समोरच्या संघातून ओळखीची हाक आली, गल्लीतलीच मुलं होती ती! त्यांतला एक बूटा, याचा बालमित्र. १९२७मध्ये त्याच सिंग सिंगमध्ये बूटाला विजेच्या खुर्चीवर बसवलं. कॅग्नी तेव्हा ब्रॉडवेवर काम करत होता. एक पळू शकला, दुसरा नाही. ही पटकथेची कल्पना होण्याआधी त्याच्या आयुष्यात घडून गेली होती.

खांदे उडवत, मान ताणत बोलण्याची रॉकीची ती लकबही यॉर्कव्हिलच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, वेश्यांच्या एका दलालाची. लहानपणी पाहिलेली, तीस वर्षांनी काढून वापरली.

हडसनच्या काठाने जाणाऱ्या आगगाडीने मी कामानिमित्त ऑसिनिंगवरून, म्हणजे सिंग सिंग आहे त्या गावावरून, गेलो आहे. रूळ चक्क तुरुंगाच्या आवारातून जातात, दोन्ही बाजूंना भिंती. गाडीतले लोक फोन बघत असतात. मला दर वेळी बेसबॉलच्या मैदानात हाक मारणारा तो मुलगा आठवतो. म्हणून "चलनी नाणं" हा शब्द मला लागला, सडेतोड.

सडेतोड

न्यूजर्सीकर, बूटाची गोष्ट मला माहीत नव्हती. कॅग्नीबद्दल माझी तक्रार नव्हतीच, तो या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट आहे. त्या वर्षी ऑस्करला त्याचं नामांकन होतं आणि पारितोषिक गेलं स्पेन्सर ट्रेसीला. भूमिका कोणती? 'बॉइज टाउन'मधला पादरी! तेव्हा हॉलिवूडला कोण हवं होतं ते यावरून कळतं.

आणि मूळ प्रश्न तसाच आहे. पोरं पडद्यावरचा गुंड बघून गुंड होतात, हे गृहीतच खोटं आहे. १९९५मध्ये 'राम जाने' आला, याच कथेवर बेतलेला, शाहरुख खान शेवटी फाशीच्या वेळी घाबरल्याचं नाटक करतो. मी आठवीत होतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आमच्या वर्गातली सगळी पोरं त्याच्यासारखं बोलत होती, चालत होती. रडून कुणी दाखवलं नाही. त्यांतला आज एक दंतवैद्य आहे, एक शिक्षक, एकाचं हार्डवेअरचं दुकान. फादरचा उपाय कुणाला लागू पडला? कुणाला रोग तरी झाला होता?

मास्तर_काळाचौकी

मी सहसा लिहीत नाही, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

सडेतोड, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी संध्याकाळी चूल पेटत होती. मी १९८०पासून लालबाग-परळ पट्ट्यात रात्रशाळेत शिकवलं. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. माझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा बाप किंवा भाऊ गिरणीत होता. वर्षभरात घरातली भांडी विकली गेली. मग काही मुलांच्या पायात नवे बूट दिसू लागले. आम्ही शिक्षक विचारायचो नाही, कारण उत्तर ठाऊक होतं. नाक्यावर एक जण यायचा. गणपतीची वर्गणी, आजारी म्हातारीची औषधं, कुणाच्या बहिणीचं लग्न, सगळीकडे तो पुढे. मुलांना टपल्या मारायचा, त्यांच्याशी क्रिकेट खेळायचा, हसवायचा. केदार बास्केटबॉलबद्दल जे म्हणतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पोरं भीतीने त्याच्याकडे गेली नाहीत, तो त्यांना आवडायचा म्हणून गेली.

माझी तीन मुलं गेली. दोन गोळीने, एक तुरुंगात. तेव्हा रोग होता की नव्हता, हे आठवीतल्या आठवणीवरून ठरवू नका.

सडेतोड

मास्तर, तुमचं दुःख मी नाकारत नाही. पण तुम्हीच कारण सांगितलंत: संप, भूक, रिकामी घरं. त्यात सिनेमा कुठे आला? उपाशी पोराला कुणी नोकरी दिली असती तर तो नाक्यावर गेला असता का? फादर जेरी पोरांना नोकरी देत नाही, गोष्ट सांगतो. माझं म्हणणं तेच आहे!

मुलुंडचा_केदार

फादर जेरी फक्त गोष्ट सांगत नाही. रॉकीने गुपचूप पाठवलेले दहा हजार डॉलर तो नाकारतो. व्यायामशाळा त्याच पैशात उभी राहिली असती. मग शहरातल्या भ्रष्टाचाराविरुद्ध तो रेडिओवर बोलतो आणि त्यासाठी जीव धोक्यात घालतो. सिनेमा नीट बघून लिहा.

सडेतोड

दहा वेळा पाहिलाय. मतभेद दिसला की "नीट बघा" म्हणायची ही सवय सोडा.

तासगावकर

भांडण जरा बाजूला ठेवा. केदार "नाटक की खरी भीती" असं कोडं घालतोय, त्यावर मला बोलायचं आहे.

माझे सख्खे चुलते तुरुंगात रक्षक होते, तीस वर्षं. कोणत्या ते लिहीत नाही. फाशीच्या वेळी दोनदा त्यांची पाळी होती. घरी त्यांनी हा विषय एकदाच काढला, मी बारावीत असताना. म्हणाले, एक जण आयुष्यभर शिव्या देणारा, रक्षकांच्या अंगावर थुंकणारा. त्या पहाटे त्याच्या पायांत बळ राहिलं नाही, दोघांनी धरून न्यावं लागलं. दुसरा गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो चालत गेला आणि वाटेत काकांना म्हणाला, हवालदार, तुमची रात्रपाळी संपली, आता घरी जा. काका म्हणाले, कोण शूर आणि कोण भित्रा, हे मी त्या दिवसापासून सांगायचं सोडलं.

सिनेमातल्या रक्षकाला रॉकीने आधी डिवचलेलं असतं. शेवटी तो रक्षक तुच्छतेने म्हणतो, हाच का तो माझ्या डोळ्यांत थुंकणार होता! माझ्या काकांनी तसं म्हटलं नसतं. म्हणून मला वाटतं, रॉकी खरंच घाबरला आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. नाटक होतं असं मानलं की आपल्याला बरं वाटतं, एवढंच. आपला हिरो शाबूत राहतो.

विद्युल्लता

तासगावकर, तुमच्या काकांचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मुलुंडचा_केदार

मी नाटक होतं असंच मानत आलो. चुकलो असं म्हणत नाही, कारण तो चालत येतो तेव्हा शेवटच्या वळणापर्यंत त्याची चाल डगमगत नाही. पण "हिरो शाबूत राहतो" हे मला टोचलं. तेवढं मान्य.

मास्तर_काळाचौकी

सडेतोडनी विचारलं, त्यात सिनेमा कुठे आला. सांगतो. लांब होईल.

१९८६ची गोष्ट. बोटीवर नोकरीला लागलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने या सिनेमाची कॅसेट आणली. व्हीसीआर भाड्याने आणला, टीव्ही एका पालकांचा. शाळेत परवानगी मिळाली नाही, म्हणून चाळीतल्या एका खोलीत रविवारी दुपारी चौदा मुलं बसवली. कॅग्नीचं इंग्रजी सुसाट, मुलांना कळणार नाही, म्हणून मी टीव्हीशेजारी उभा राहून मराठीत सांगत होतो. विद्युल्लताताई, त्या दुपारचं उपशीर्षक मीच होतो.

बास्केटबॉलला मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. औषधाच्या दुकानात रॉकी मारेकऱ्यालाच फोनच्या खोक्यात पाठवतो आणि त्याचेच साथीदार त्याला गोळ्या घालतात, तिथे शिट्ट्या पडल्या. मग शेवट आला. वर्तमानपत्राचा मथळा पडद्यावर दिसला आणि मी म्हणालो, "पेपरात छापलंय, रॉकी भेकडासारखा रडत मेला."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, पेपरवाले खोटं छापतात."

खोलीत सगळ्यांनी मान हलवली. ही मुलं लहान होती तेव्हापासून बापाच्या तोंडून ऐकत आलेली की संप मिटला, कामगार परतले, गिरण्या सुरू झाल्या असं छापून येतं, आणि बाप तर घरात बसलेला. पडद्यावरची पोरं तो मथळा वाचून फादरला विचारतात, हे खरं का? फादर सांगतो, खरं आहे. मी तेही सांगितलं. तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "मग फादर पण खोटं बोलला. रॉकी नुसता ओरडला, खोटं बोलला तो फादर."

बत्तीस वर्षं शिकवलं, पण त्या सिनेमाबद्दल मला याहून खरं कुणी काही सांगितलं नाही.

सडेतोड

मास्तर, मी कालपासून हेच तर म्हणतोय! फादरचा खोटेपणा तुमच्या मुलांनी ओळखला. म्हणजे उपाय फसला.

मास्तर_काळाचौकी

फसला, हे मी मान्य करतो. पण तुम्ही लबाडी सिनेमाची म्हणालात. मुलाने ती फादरची म्हटली. दोन्हींत फरक आहे. आपल्या गुन्हेगारीपटांत खोटं बोलणारा शेवटी उघडा पडतो, इथे त्याला ते खोटं घेऊन जगायचं आहे. शेवटी तो पोरांना प्रार्थनेला नेताना म्हणतो की चला, माझ्याइतकं जोरात पळू न शकलेल्या एका मुलासाठी प्रार्थना करू. पहिल्या रिळात फाउंटन पेनांची चोरी करून दोघं पळतात, जेरी सुटतो, रॉकी सापडतो, ते आठवा. पोरांना त्या वाक्याचा अर्थ कळत नाही. आपल्याला कळतो. तेवढंच एक खरं तो बोलू शकतो.

हे वाक्य मी मुलांना मराठीत सांगितलं तेव्हा खोलीत एकही जण हसला नाही. त्यांतल्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक सापडलेला मुलगा होता.

न्यूजर्सीकर

सर, हे वाचून बूटाबद्दल पुन्हा वाटून गेलं. तो चेहरा पडद्यावर का दाखवला नाही ते आता मला थोडं कळतं.

सडेतोड

बास्केटबॉल पुन्हा पाहिला, आत्ताच, दोनदा. केदारराव, तो कापू नये. इतकंच लिहितो. "कीर्तन" हा शब्द मागे घेत नाही, देवदूतांचं गाणं मला आजही सहन होत नाही. आणि फादरला मी माफ केलेलं नाही. मात्र सिनेमानेही त्याला माफ केलं नसेल, अशी शंका मास्तरांमुळे पहिल्यांदाच आली.

विद्युल्लता

लॉरीबद्दल अजूनही कुणी उत्तर दिलेलं नाही.

मुलुंडचा_केदार

ताई, त्यावर उत्तरच नाही. तुमचं बरोबर आहे. तिला शेवटी एक प्रसंग द्यायला हवा होता.

तासगावकर

मास्तर, तो "फादर खोटं बोलला" म्हणणारा मुलगा पुढे काय झाला?

मास्तर_काळाचौकी

बसवर वाहक झाला. नाक्यावर कधी गेला नाही. सिनेमामुळे की आईमुळे, ते मी त्याला विचारलं नाही. त्याचा धाकटा भाऊ मात्र गेला. तोही त्या दुपारी पुढच्या रांगेत बसला होता आणि बास्केटबॉलला सगळ्यांत जास्त तोच हसला होता.